मास्तरांचा उरलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी शब्द आहे, जातीने क्रियापद. माझं नाव कॉजिटेट. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका, अर्थ साधाच आहे: नीट विचार करणं. माझं मूळ लॅटिन. तिथे माझा अर्थ होता, सगळं एकत्र हलवणं. तुम्ही एखादी गोष्ट मनात घोळवता ना, अगदी तसंच. पण 'थिंक' पडला सुटसुटीत, त्यामुळे सगळे त्याच्याच मागे. मी आपला शब्दकोशात धूळ खात पडलेला.

मला मान दिला तो एका इंग्रजीच्या मास्तरांनी. वर्गात कुणी उतावळेपणाने हात वर केला की ते म्हणायचे, "आधी कॉजिटेट." पोरं हसायची, पण हात खाली घ्यायची. घरी त्यांची लेक, ठमी. खरं नाव वेगळं. ठमी म्हणणारे एकटे मास्तरच. आई लवकर गेली, तेव्हापासून ही दोघंच एकमेकांना. भाजी कुठली करायची इथपासून नोकरी कुठली धरायची इथपर्यंत माझ्याशिवाय त्या घरात पान हलत नसे. केवढा तोरा होता माझा!

मग मास्तरांच्या मेंदूत गुठळी झाली. जीव वाचला, पण वाचा गेली. सगळे शब्द गेले आणि उरलो मी एकटा. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. कळतं सगळं, पण तोंडून एकच शब्द येतो. पाणी हवंय, कॉजिटेट. पाठ दुखतेय, कॉजिटेट. मित्रांनो, माझ्यात पाणी कुठून येणार? मास्तर चिडायचे, उशीवर मूठ आपटायचे, रडायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ठमी आवाजावरून ओळखायला शिकली. तिचं मागणं एकच. भरवताना म्हणायची, "बाबा, एकदा ठमे म्हणा ना." ते ओठ जुळवायचे, घामाघूम व्हायचे, आणि बाहेर पडायचो मीच. तिचं नाव मी अडवून बसलो होतो. बाजूला कसं व्हावं, मला कळेना.

एका दुपारी ती खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत होती, पाठमोरी. मास्तरांनी हळूच हाक मारली, "कॉजिटेट."

"ओ बाबा, आले," ती म्हणाली.

मास्तर हसले. तिने त्यांचा हात हातात घेतला. संध्याकाळी तो गार पडला.

आता मी पुन्हा शब्दकोशात आहे. तिथे माझ्यापुढे तोच अर्थ छापलाय, विचार करणं. मी एकदा एका मुलीचं नाव झालो होतो, हे तिथे कुणी लिहिणार नाही. मित्रांनो, तुमच्याजवळ शब्द भरपूर आहेत. घरच्या माणसाला त्याच्या लाडक्या नावाने आजच हाक मारा. एवढी एक गोष्ट मनात घोळवत बसू नका.