मंगळवारचं धुणं

सोमवार सोडून दुसऱ्या कुठल्या दिवशी आमच्या गल्लीत दोरीवर कपडे दिसले, की त्या घरात कुणीतरी मेलंय नाहीतर तिथली बाई तरी वाया गेलीय, असं धरून चालतात. म्हणून सेथचे क्रिकेटचे पांढरे कपडे आणि फुटबॉलची लाल जर्सी मी एकाच सोमवारी धुतली. दोन्ही लोकरीचे, दोन्हीला कोमट पाणी, म्हणून एकाच टबात. जर्सी नवी होती, एवढं मात्र डोक्यातून निसटलं.

पिळायला काढली तर पँट गुलाबी. सदरा वाचला, तो बिचारा अजून भिजायचा होता.

सेथ माझ्या बहिणीचा मुलगा, सहा फूट तीन इंच. हिवाळाभर तो फुटबॉलवर जगतो; मे उजाडला की पुन्हा कोळशाच्या खाणीत. त्याचा बाप त्याच खाणीची धूळ खोकत गेला. आता सप्टेंबर लागला होता, खाण सुटली होती, आणि बुधवारी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, संघाकडून त्याला एक सामना खेळून दाखवायचा होता. एकच. जमलं तर पुढचा उन्हाळा जमिनीच्या वर.

"मावशी," पँट उंच धरून तो म्हणाला, "ही घालून खेळू की नाचू?"

"उकळून बघू का?"

"उकळ की. शेजारच्या पिकल्सबाईंच्या मांजराला बरोबर बसेल."

तेही खरंच. लोकर उकळली की आटते. उसनी मागावी तर त्याच्या उंचीचा माणूस गावात दुसरा नाही. शेवटी बुटांना लावतात ती पांढरी माती आणली आणि मंगळवारी दिवसभर पँटीवर चोळत बसले.

बुधवारी मी स्वस्तातल्या बाकावर, शेजारी पिकल्सबाई. सेथ पैसे घेऊन खेळणाऱ्यांच्या लहान फाटकातून मैदानात आला, कप्तान साहेबलोकांच्या मोठ्या फाटकातून. जोडीनं खेळायला दोघं निघाले, पण दारं वेगळी. आमच्याकडे तसंच असतं.

सेथ पहिली धाव पळाला आणि मागे पांढरा ढग उठला.

"ए बेकर!" मागून कुणीतरी ओरडलं, "पाव भट्टीत ठेवून आलास काय?"

सगळे हसले. पिकल्सबाई तर रुमालात तोंड घालून. पुढचे दोन चेंडू सेथला दिसलेच नाहीत. मी देवाला म्हटलं, चूक माझी आहे, त्याला कशाला? तिसरा त्याने थेट कुंपणाला धाडला.

मग ऊन चढलं. चाळीस धावा होईतो मातीही झडली, घामही आला, आणि पोरगं कमरेपासून खाली गुलाबी झालं. कप्तान सावकाश त्याच्याकडे चालत गेला. तिथे काय बोलणं झालं ते सेथने मला चहाच्या वेळी सांगितलं.

"हार्डकासल, हा काय प्रकार?"

"मावशीनं जर्सीबरोबर धुतली, सर. फुटबॉलच्या."

"फुटबॉलपण खेळतोस?"

सेथचा जीव कानात गोळा झाला. दोन्ही चालणार नाही, एक काहीतरी निवड, असंच म्हणणार हा!

"तरीच," कप्तान धापा टाकत म्हणाला, "जिथे एक धाव तिथे दोन पळवतोयस. जरा दया कर, मी चाळिशीचा आहे."

सत्तावन्न केल्या त्याने. शनिवारी काउंटीचं पत्र आलं: पुढच्या उन्हाळ्यासाठी करार. खाली कप्तानाच्या हातची एक ओळ होती, 'मावशींना नमस्कार. कपडे वेगवेगळे.'

सोमवारी मी फक्त पांढरे धुतले. मंगळवारी लाल जर्सी एकटीच दोरीवर घातली, भर गल्लीत. पिकल्सबाई धावत आल्या.

"अगं बाई, मंगळवारी? कोण गेलं?"

"कुणी नाही हो. बसा."

माझ्या मांडीवर सेथची खाणीतली पँट होती, पुढच्या मे महिन्यासाठी जपून ठेवलेली. काळी, जाड, अजून चार वर्षं सहज टिकली असती. मी कात्री लावली आणि पट्ट्या कापायला घेतल्या. चुलीपुढे टाकायला चिंध्यांची सतरंजी करायची होती.

"मला वाटलं होतं, सतरंजीला काळा रंग कमीच पडेल तुला," पिकल्सबाई म्हणाल्या आणि दुसरी कात्री आणायला घरी गेल्या.