लाकडाला फुटलेला पाझर

माझी धाकटी बहीण वारली त्याला तीन वर्षं झाली होती, आणि आता ती कपाटाच्या तिसऱ्या खणात रडते असं अर्ध्या गल्लीचं म्हणणं होतं. जिन्यावर चपलांचा खच पडला होता. खालच्या मजल्यावरचा शिंपी आपलं दुकान सोडून लोकांना रांगेत उभं करत होता. आत, माझ्या मेहुण्यांच्या झोपायच्या खोलीत, माणसं श्वास रोखून उभी होती आणि मागची पुढच्यांच्या खांद्यावरून माना काढत होती. बाहेर रणरणतं ऊन, खोलीत एक पंखा, आणि सगळ्यांचे डोळे एका लाकडी कपाटावर.

कपाटाला कान लावून काष्ठबाबा बसला होता. लोक त्याला अहोजाहो करत. मी करणार नाही.

“झाड तोडलं तरी लाकूड ऐकत असतं,” तो डोळे मिटून सांगत होता. “दार ऐकतं, पलंग ऐकतो. खुर्ची तर फार ऐकते, पण ती बिचारी बोलत नाही, कारण तिच्यावर कायम कुणीतरी बसलेलं असतं.”

लोकांनी माना डोलावल्या. एका जाड्या गृहस्थांनी तर ज्या खुर्चीवर बसले होते ती सोडून दिली.

मग बाबाने तिसरा खण हळूच ओढला. खणाच्या तळाशी, लाकडावर, बारीक थेंब उभे होते. खरेच होते, मीही पाहिले. शेजारी घडी करून ठेवलेल्या माझ्या बहिणीच्या निळ्या स्वेटरवर पिवळे डाग पडले होते. खोलीत हुंदका फुटला. तो माझ्या बहिणीच्या सासूबाईंचा होता. त्यांना मी मावशी म्हणते.

“हे लाकूड बाहेरून कोरडं,” बाबा म्हणाला, “आणि आतून ओलं. एकाच बाटलीतलं शांतितेल, एकाच हाताने लावलेलं. बाहेरचं दोन-चार दिवसांत वाळलं. आतलं वाळत नाही. का वाळत नाही? सांगा कुणीही शिकलेल्याने.”

बाबा माझ्याकडे वळला. “या, मोठ्या ताई. रक्ताच्या तुम्ही. लावा बोट.”

मी बोट लावलं. ओलं लागलं, कोमट लागलं. तीन वर्षांत तिच्याकडून आलेलं पहिलंच काहीतरी माझ्या बोटावर होतं. खोटं कशाला बोलू, ते पुसू नये असं वाटलं. मग सवयीने मी बोट नाकाशी नेलं, आणि डोक्यात तिडीक गेली. वरवर कापूर होता. त्याखाली जवसाचं तेल. माझं रंगाचं दुकान आहे, वडिलांनंतर मीच चालवते. त्या तेलाचा वास माझ्या अंगाच्या कपड्यांनाही येतो.

“ती का रडते, महाराज?” मावशींनी विचारलं.

“जागा गेली तिची. घरात दुसरी आली. लेकीच्या तोंडी त्या दुसरीला ‘आई’ आलं.” त्याने खण लोटून बंद केला. “महिनाअखेरीच्या आत दुसरीने हे घर सोडलं, तर अश्रू थांबतील. नाहीतर...”

हे लोक ‘नाहीतर’ कधी पुरं करत नाहीत. पुढचं ऐकणारा स्वतःच भरतो आणि घाबरतोही स्वतःच.

दुसरी दारातच उभी होती. मेहुण्यांशी लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी घरात तिला सगळे ‘नवी’च म्हणत. माझी आठ वर्षांची भाची तिच्या कमरेला दोन्ही हातांनी धरून उभी होती, आणि सगळी खोली त्या दोघींकडे बघत होती.

गर्दी पांगल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. नवी ओट्याशी पाठ करून उभी होती.

“ताई, बॅग भरलीये मी,” ती म्हणाली. “माहेरी जाते. तुमच्या बहिणीला माझ्यामुळे त्रास नको.”

“माझ्या बहिणीला त्रास झाला की ती रडायची नाही, भांडी आपटायची. मला नीट सांग. हे कपाट तर इतकी वर्षं मुकाट उभं होतं. तेल कधी लावलं?”

“पोरगी मला आई म्हणायला लागली ना, ते सासूबाईंना लागलं. त्या जेवेनात. मग कुणीतरी ह्या बाबाचं नाव सुचवलं. त्याने कपाट आतल्या भिंतीपासून हलवून खिडकीला लावलं, पश्चिमेकडे. तेल दिलं. मीच लावलं ते, आतून-बाहेरून, भरपूर. मग खण बंद. तो येईल तेव्हाच उघडायचे, दुपारचे.”

“आणि रडणं कधी सुरू झालं?”

“नंतर.”

“तेलानंतर.”

“हो,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळून बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “पण मग ते तेलच असेल.”

“तेलच आहे.”

“मग बाहेरचं कसं वाळलं?”

प्रश्न बरोबर होता. अख्ख्या खोलीत जो पडायला हवा होता तो इथे ओट्यापाशी पडला. मी तिला उत्तर दिलं, पण ते सगळ्यांना दाखवल्याशिवाय उपयोग नव्हता. मेहुण्यांना सांगून पाहिलं तर ते खाली मान घालून म्हणाले, “ताई, तुमचीच बहीण ना ती? तुम्हाला काहीच वाटत नाही?”

हे मला झोंबलं. मी म्हणाले, “वाटतं. म्हणूनच तिच्या नावावर एका बाईला घराबाहेर काढू देणार नाही. तिला विचारलं होतं का कुणी? ती स्वतः शेवटच्या आजारात तुम्हाला म्हणाली होती, पोरीला एकटी वाढवू नका. तेव्हा मी उशाशी होते.”

मी कपाटाचा सगळ्यात खालचा खण ओढून काढला तेव्हा त्यांनी अडवलं नाही. मावशी आडव्या आल्या.

“खण बाहेर काढायचा नाही असं बाबांनी सांगितलंय.”

“त्यांनी सांगितलंय म्हणूनच काढतेय. तीन खण तुमच्याकडे राहू देत, मावशी. एक माझा, तिच्या बहिणीचा.”

तोही खण आतून तसाच चिकट होता. मी तो त्यांच्याच गच्चीवर, वारा लागेल असा उभा करून ठेवला आणि भाचीला सांगितलं की याला कुणी हात लावायचा नाही. बाबाच्या बाटलीतलं उरलेलं तेल घेऊन मी दुकानात आले. माझ्या दुकानात गल्ल्याचं एक छोटं टेबल आहे. त्याचा खण रिकामा केला, आतून तेल लावायचं काम समोरच्या चहावाल्याला सांगितलं, खण बंद केला आणि टेबल दर्शनी काचेपाशी उन्हात सरकवलं. गिऱ्हाइकांना सुट्टे पैसे देताना मी डब्यात हात घालत होते आणि लोक विचारत होते, गल्ल्याला काय झालं. मी म्हणत होते, सुतकात आहे.

महिनाअखेरीला पुन्हा तीच गर्दी. दाराशी नवीची बॅग होती, आणि त्या बॅगेवर माझी भाची बसली होती. उठायला तयार नव्हती. बाबाने तिसरा खण उघडला. थेंब होतेच. तो काही बोलायच्या आत मी हमालाकडून माझं टेबल आत आणवलं आणि मधोमध ठेवलं.

“हा माझा गल्ला,” मी म्हणाले आणि खण ओढला. आत थेंब उभे होते, कापराचा वासही. “कुणीही बोट लावा. आता मला बाबांनी सांगावं, गल्ल्यात कोण वारलं?”

मागे कुणीतरी हसलं. बाबा हसला नाही, पण डगमगलाही नाही.

“दुःख रक्तातून वाहतं,” तो म्हणाला. “टेबल बहिणीचं आहे. हात बहिणीचा लागला.”

“तेल चहावाल्याने लावलंय.”

“पण नजर तुमची होती ना, ताई.”

आणि लोक पुन्हा माना डोलावू लागले. पुरावा डोळ्यांसमोर होता, तरी माणसाने पुराव्याला वळसा घातला होता. तेवढ्यात जिन्याकडून शिंप्याचा आवाज आला.

“माझ्याही मशिनच्या खणाला पाझर फुटलाय.”

सगळे वळले. शिंपी लाल झाला होता. “मी पण एक बाटली घेतली होती. धंदा मंदीत होता, म्हटलं बघावं. मशिनच्या खणात लावलं, आणि आठवड्यात तो रडायला लागला. दोरे चिकटले सगळे.”

“मग बोलला का नाहीत?” मेहुण्यांनी विचारलं.

“काय बोलणार? आमच्याकडे वारलं कुणीच नाही. मला वाटलं, हिचं काही तरी होणार आहे.” त्याने शेजारी उभ्या बायकोकडे बोट केलं. बायकोने त्याच्याकडे जी नजर टाकली तिने हसू पसरलं, आणि एकदा हसलेली गर्दी भक्तीला परत येत नाही.

आता मी बोलले. “जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवा खाऊन वाळतं. बाहेरच्या बाजूला हवा मिळाली, वाळलं. बंद खणात हवा खेळत नाही, म्हणून ते महिनोन् महिने ओलं राहतं, खवट वास मारतं, कपड्यांना डाग पाडतं. दुपारी खिडकीतलं ऊन कपाटावर आलं की तापतं आणि लाकडाच्या छिद्रांतून वर येतं. म्हणून कपाट दुपारीच रडतं. म्हणून कपाट पश्चिमेला हलवायचं, म्हणून खण उघडायचे नाहीत. गोडं तेल लावलं असतं तर बाहेरचंही वाळलं नसतं आणि चमत्कार फसला असता. ह्या माणसाने तेल निवडून आणलंय.”

नवी कुणी न सांगता गच्चीवर गेली आणि तो चौथा खण घेऊन आली. त्याच कपाटाचा, त्याच तेलाचा. तिने तो मावशींच्या पुढ्यात ठेवला. मावशींनी तळहात आत फिरवला. हात कोरडा होता.

“मला दुसरीकडे बोलावणं आहे,” बाबा म्हणाला. त्याला कुणी वाट करून दिली नाही, त्याला ती शोधत जावं लागलं.

मावशी हात बघत बसल्या होत्या. “म्हणजे ती रडत नाही?” त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

ह्या प्रश्नाची मला भीती होती. “नाही, मावशी,” मी म्हणाले. “रडतो आपण. ती गेली.”

त्या रडल्या, खूप रडल्या, आणि नवी त्यांच्याजवळ जाऊन बसली. मावशींनी तिला दूर केलं नाही. मी शेजारी उभी राहून रडले. मेहुण्यांनी बॅग उचलली आणि आत ठेवून आले. भाची त्यांच्या मागे मागे जाऊन ती उघडली की नाही ते बघून आली.

बाबा आता नदीपलीकडे कपाटं ऐकत फिरतो असं कळतं. तिकडे कुणी हे वाचत असेल तर माझं दुकानदाराचं सांगणं ऐका. खणाला आतून तेल लावू नका. लाखेच्या पॉलिशचा पातळ हात द्या, ते तासाभरात वाळतं आणि वास ठेवत नाही. नाहीतर लाकूड कोरंच राहू द्या, त्याचं काही बिघडत नाही. तेल लावूनच बसला असाल तर टर्पेंटाइनने पुसा आणि खण वाऱ्यावर ठेवा. आणि कुणी येऊन म्हणालं की आतून तुमचं माणूस रडतंय, घरातल्या अमक्या बाईला घालवा, तर आधी विचारा की तेल कुणी दिलं. मग खण बाहेर काढा. बाईला काढू नका.