शिजलं, की तोबा केली

अल्लाची शप्पथ, साऱ्या वली-पिरांची शप्पथ, ह्यातला शब्दन् शब्द खरा — कानामागे ही बटणाएवढी चकती चिकटली की अख्खं स्फाक्स शहर पत्र्याच्या डब्यात बसून बोलायला लागतं. माझा मुलगा मुनजीसुद्धा. "आई, आज नीट ऐक हं," शेजारच्या खुर्चीतला तो डब्यातून म्हणाला, "नाहीतर एकटीनं राहणं बंद. घराला कुलूप, आणि सरळ ट्युनिसला, माझ्याकडे." सातव्या मजल्यावर! मी?

समोर उल्फा, कान तपासणारी पोर. ती म्हणते, कानाच्या आत केसाळ पेशी असतात, पियानोच्या पट्ट्यांसारख्या मांडलेल्या — बारीक आवाजाच्या दाराशी, जाड आवाजाच्या आत खोल. माझ्या मेल्या. ऑपरेशन करून त्यांच्या जागी मूठभर तारा घातल्यात. "उरलेलं मेंदूनं जुळवायचं, मावशी."

तिनं कागदाआड ओठ लपवले. नुसतं ऐकून शब्दाचा अर्थ मी सांगायचा. "ताब."

"शिजलं," मी म्हटलं.

"चुकलं. ताब म्हणजे तोबा केली. शिजलं ते टाब, जड."

"बघ! उद्या गॅसवर काहीतरी ठेवशील, आणि शेजारीण ओरडली तरी..." मुनजी मध्येच.

"तू गप रे. आणि पोरी, असा उघडानागडा शब्द कोण बोलतं गं? तोबा कुणी केली? नाव सांग!" — माझ्या स्वयंपाकघरात शब्द एकटा कधी आलाच नाही, त्याच्याबरोबर वाफ यायची, नवऱ्याचं खाकरणं यायचं, मग अंगणातून त्याची हाक, "मन्नूबिया, कुसकुस टाब?"... आणि तो आ... पहिलं अक्षर नव्हे, त्याच्या मागचा आ, जाडा, काळसर, घशात खाली उतरलेला...

"पुन्हा म्हण, पोरी."

डोळे मिटले.

"टाब."

पत्रा खडखडला. पहिलं अक्षर दोन्हीकडे सारखंच वाजतं, लबाड मेलं. पण मागचा आ — जाडा! "शिजलं!"

"ताब."

आ पातळ. "तोबा! ती ह्यानं करावी, आईला उचलून न्यायला निघालाय."

मुनजीचा चेहरा पडला.

हे कानानं ऐकलं, की त्या गेलेल्या माणसानं आतून सांगितलं... कुणास ठाऊक. कळून करायचंय काय? डोकं माझं, माणूसही माझाच. न्यायचंय? उचलून तर दाखवा.

सगळं खरं. फक्त मुनजीचा चेहरा पडला, एवढं मी घातलं. तो हसत होता, हसता हसता डोळे पुसत होता... आणि अशा माणसाशी भांडायचं कसं, ते मला अजून सुचलेलं नाही.