फौजदार, चिंगी आणि दाढ

ताईची दाढ ठणकायला लागली आणि भांडण पेटलं, तेही तिच्या एकटीच्या डोक्यात.

ताई पडदे शिवते. लहानपणी सावत्र बापाने तिला फार छळलं. ती ओरडू नये म्हणून तोंडावर हात दाबून धरायचा. एवढं ओझं एका जिवाला पेलेना, तेव्हा तिच्या मनाने ते आतल्या आत वाटून दिलं. म्हणून ताईच्या आत आणखी दोघं राहतात: कोणाला जवळ फिरकू न देणारा फौजदार आणि सहा वर्षांचीच राहिलेली चिंगी. त्यांतलं कोणी पुढे आलं की मधल्या वेळेतलं ताईला काही आठवत नाही. मानसोपचार करणाऱ्या बाईंनी हे समजावलं तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "एक ताई सांभाळताना नाकी नऊ येत होते, आता तिघं!" पण हळूहळू तो तिघांनाही ओळखायला शिकला. ताई त्याला 'दादा' म्हणाली की समजायचं, चिंगी आली.

"दवाखाना नाही," फौजदाराने जाड आवाजात बजावलं. "तो तोंडात हात घालणार. मी चावेन."

"चावायला आधी दाढ तरी धड हवी ना?" भावाने विचारलं.

फौजदाराने ठणकता गाल दाबून धरला. ते बघून भावाने लगेच दाताच्या डॉक्टरांना फोन केला आणि ताईच्या परवानगीने सगळं सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, "खुर्ची एकच आहे, तेवढं आपसात ठरवून या."

खुर्चीत बसली ताई, पण दिवा डोळ्यांवर आला आणि बारीक आवाज निघाला, "दादा, हात धर."

डॉक्टरांनी हात मागे घेतला. "चिंगूताई, नको वाटलं की 'थांबा' म्हणायचं. मी थांबेन."

"खरंच?"

"खरंच."

जबडा बधिर झाला, चिमटा आत गेला आणि चिंगी ओरडली, "आंबा!"

उघड्या तोंडातून 'थांबा' तसंच निघतं. डॉक्टर थांबले. दोन्ही हात वर.

चिंगीने डोळे विस्फारले. आजवर तिचं कोणी ऐकलंच नव्हतं. थोड्या वेळाने, काही दुखत नसताना, तिने उगाचच पुन्हा म्हणून पाहिलं. "आंबा!" हात वर. "आंबा!" हात वर. मदतनीस बाई हसून हसून बेजार झाल्या. बाहेर ताटकळलेल्या एका आजोबांनी दारातून डोकावून विचारलं, "दात काढताय की आंबे विकताय?"

दाढ निघाली एकदाची. "माणूस बरा आहे," फौजदार पुटपुटला, आणि मग ताई भानावर आली.

"काढली? मला काहीच कळलं नाही."

भावाने रस्त्यात सगळं सांगितलं. ताई चालता चालता थबकली.

"दर वेळी थांबले?"

"दर वेळी. आजोबा वैतागले, पण डॉक्टर थांबले."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यातच हसू फुटलं. अर्धा जबडा अजून बधिर होता, त्यामुळे ते पार एका बाजूला गेलं. भावाने तिची नक्कल केली आणि पाठीत एक धपाटा खाल्ला.