शेणाची साक्ष

ओन्कोबाच्या अंगणात सकाळी सात वाजताच दोनशे माणसं जमली होती. चहाच्या मळ्यात कुणी गेलं नव्हतं, दूध संकलन केंद्राला कुलूप होतं, आणि चर्चच्या गायनमंडळातल्या बायका तर नवे डगले घालून आल्या होत्या. सगळ्यांचे डोळे अंगणाच्या मधोमध ठेवलेल्या एका मातीच्या कुंडीवर होते. त्या कुंडीत शेण होतं.

हो, शेण. ओन्कोबाची तिसरी गाय मरायला टेकली, तेव्हा ओम्वेंगा भगताने तिचं शेण कुंडीत भरलं, वर झाकण ठेवून चिखलाने लिंपलं आणि एका बाजूला बोटभर भोक पाडलं. भोकावर बाटलीच्या काचेचा तुकडा चिकटवला. "साक्षीदाराला श्वास लागतो," म्हणाला. सहा दिवस कुंडीला कुणी हात लावायचा नाही. सातव्या दिवशी शेण स्वतः सांगेल, गावातली गुरं कोण खातंय ते.

ओम्वेंगाकडे तीन मोबाइल होते. त्यातला एक पूर्वजांसाठी राखलेला होता, असं तो सांगायचा. तो वाजला की सगळे गप्प बसायचे.

"मी बोलत नाही!" तो ओरडला. "मी कोण बोलणारा? गाय मरते, पण तिचं शेण मरत नाही! शेणाला लाच देता येत नाही, शेणाला वकील करता येत नाही!"

"खरंय!" गर्दी म्हणाली.

त्याने चिखल फोडून झाकण काढलं. मी पुढेच होतो, म्हणून मला नीट दिसलं. शेणावर शेकडो बारीक, काचेसारखे आरपार केस उगवले होते. प्रत्येकाच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका. आणि ते सगळेच्या सगळे केस एकाच बाजूला वाकले होते, भोकाकडे. काचेच्या आतल्या बाजूला काळ्या ठिपक्यांचा सडा पडला होता.

ओम्वेंगाने भोकातून सरळ रेषेत हात लांबवला. त्या रेषेत, ओढ्यापलीकडे, न्यारिंदा आजीचं घर होतं.

"म्हटलं नव्हतं मी?" ओन्कोबा ओरडला. तो रडत होता. "अख्ख्या गावाची गुरं खोकून खोकून मरतायत, आणि तिच्या एकटीच्या गायीला साधी शिंकसुद्धा नाही!"

कुणीतरी पेट्रोलचा डबा आणला. आमच्या टेकड्यांवर याचा अर्थ काय होतो ते समजावून सांगावं लागत नाही. चार वर्षांपूर्वी शेजारच्या गावात दोन म्हाताऱ्यांना त्यांच्या घरासकट जाळलं होतं. तेव्हा मीही "अरेरे" म्हणून जेवायला बसलो होतो.

माझं नाव मोसोती. मी गायींचं कृत्रिम रेतन करतो, म्हणून गाव मला 'दुचाकीवरचा वळू' म्हणतं. मी डॉक्टर नाही, माझ्याकडे सहा महिन्यांच्या वर्गाचं प्रमाणपत्र आहे, बस्स. गुरं खोकायला लागली तेव्हा लोक माझ्याकडेच आले होते. "हवा बदललीय," असं म्हणून मी त्यांना खोकल्याचं औषध दिलं. मला कळत नव्हतं आणि ते कबूल करायची लाज वाटत होती. ओम्वेंगासाठी दार उघडं ठेवलं ते मीच.

गर्दी गाणं म्हणत, लाठ्या गोळा करत होती, तेवढ्यात मी ओढा ओलांडून पळत सुटलो.

न्यारिंदा आजी कोयत्याने हत्तीगवत कापत होती. तिला गुडघ्यांमुळे कुरणापर्यंत चालवत नाही, म्हणून तिची गाय जन्मापासून दावणीला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि गाण्याकडे कान दिला.

"माझ्याकडेच ना?"

"आजी, मागच्या वाटेने चल. मी गाडी आणतो."

"या गुडघ्यांनी? आणि गायीला काय तुझ्या मांडीवर बसवू?" तिने गवताची पेंढी बांधली. "शेणावर काय उगवलं होतं रे?"

मी सांगितलं. ती हसली.

"काळ्या टोप्यांचे केस. अरे, साठ वर्षं मी शेण काढतेय. गोठ्यातल्या जुन्या शेणावर पहाटे उगवतात, आणि सगळे दाराकडे माना वळवतात. दार बंद असलं तर भिंतीतल्या फटीकडे. उजेडाकडे रे! दुपारपर्यंत टोप्या उडून जातात, टिक टिक आवाज येतो. दुसऱ्या दिवशी नवे उगवतात. भोक ज्या बाजूला, त्या बाजूला वळणार."

"मग हे तू सगळ्यांसमोर सांग!"

"मी?" ती म्हणाली. "मी सांगितलं की म्हणतील, बघा, हिला बरं ठाऊक! मेल्या, तूच सांग. तुला टाय लावता येतो."

गाणं आता ओढ्यापर्यंत आलं होतं. मी तिच्या दारात आडवा उभा राहिलो. दोन्ही हातांनी चौकट धरली.

"बाजूला हो, वळूराव," ओन्कोबा म्हणाला. "तुझं औषध पाजलं आणि तीन गायी पुरल्या मी. आता वासरालाही धाप लागलीय. मुलांना काय पाजू?"

"चूक झाली माझी," मी म्हणालो. "मला रोग कळला नव्हता, अजूनही कळलेला नाही. पण एक दिवस द्या मला. फक्त उद्या सकाळपर्यंत. कुंडी तीच, शेण तेच, जागा तीच. मी कुंडी फक्त फिरवणार. चेटकीण जिथे आहे तिथेच राहणार ना? मग साक्षीदाराला ती सापडेलच."

"पूर्वजांचा अपमान!" ओम्वेंगा गरजला. "साक्षीदार फिरवला तर कोपतो!"

"का?" मागून कुणीतरी विचारलं. "त्याला चक्कर येते का?"

दोघं-चौघं हसले. त्या हसण्याने आम्हाला एक दिवस मिळाला. ओन्कोबाने ओम्वेंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "फिरव," तो म्हणाला. "पण ती आतच राहील. दाराला कुलूप, आणि बाहेर आमची माणसं."

अंगणात परत येऊन मी झाकण नीट बसवलं आणि सगळ्यांदेखत कुंडी फिरवली. भोक कुणाकडे करायचं? कुणाकडेही केलं तरी त्या बाजूला कुणाचं तरी घर होतंच. शेवटी मी ते माझ्या घराकडे केलं.

"ऐका! उद्या सकाळी हे केस माझ्या घराकडे वाकलेले दिसतील. आत्ताच सांगून ठेवतो. ही बुरशी आहे. ती उजेडाकडे वळते, आणि उजेड भोकातून येतो."

माझी आई, बिसिएरी, गर्दीत होती. तिने कपाळावर हात मारला. "अरे मूर्खा, त्या घरात मी राहते!"

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट झाली होती. रात्रभर मी जागाच होतो. झाकण काढलं. नवे केस उगवले होते, आणि एकूण एक माझ्या घराकडे वाकले होते.

मला वाटलं होतं, लोक "अच्छा!" म्हणतील.  पण गायनमंडळातली एक बाई हळूच म्हणाली, "म्हणजे बिसिएरीसुद्धा?"

"दोघी!" ओम्वेंगाने संधी सोडली नाही. "एक ओढ्यापलीकडची, एक अलीकडची! म्हणून तर या पोराने काल तिला वाचवलं!"

माणसं माझ्या आईकडे वळली. पेट्रोलचा डबा उचलला गेला.  समोर ठेवलेला पुरावा बघून चारशे माणसं नेमका उलटा अर्थ काढतील, हे मला कुठल्याही वर्गात शिकवलं नव्हतं. मी माझ्याच हाताने आईला मारलं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

आई मात्र चालत कुंडीपाशी आली. तिने झाकण बसवलं, खाली बसली आणि कुंडी हळूहळू फिरवायला लागली.

"दोनच कशाला? अजून शोधू या," ती म्हणाली. "हे भोक आता चर्चकडे. पाद्रीबाबा, आहात का? आता मुकादमाच्या घराकडे. आता तुझ्याकडे गं, डगलेवाली."

भोक जिकडे वळेल तिकडची गर्दी फाकत होती. धडधाकट पुरुष एकमेकांच्या पायावर पाय देत बाजूला सरत होते. ओम्वेंगासुद्धा दोन पावलं सरकला. आणि आईने कुंडी थांबवली ती ओन्कोबाच्या स्वतःच्या दारासमोर. दारात त्याची बायको तान्ह्या मुलाला घेऊन उभी होती.

"राहू दे इथेच," आई म्हणाली. "उद्या सकाळी बघू."

ओन्कोबा धावत आला आणि त्याने भोकावर तळहात दाबला. "नको!"

"का रे बाबा? तुझी बायको चेटकीण आहे?"

"नाही!"

"मग घाबरतोस कशाला?"

"उद्या..." ओन्कोबाला धाप लागली होती. "उद्या तिकडेच वळतील ते!"

तो बोलून गेला आणि स्वतःच कुंडीकडे बघू लागला. हात तसाच भोकावर. हळूहळू सगळ्यांनाच त्याचं बोलणं ऐकू आलं असावं, कारण पेट्रोलचा डबा कुणीतरी खाली ठेवला. पूर्वजांचा मोबाइल वाजला. ओम्वेंगाला तातडीचं बोलावणं आलं होतं. दक्षिणेचा बोकड न्यायचंही तो विसरला.

आम्ही न्यारिंदा आजीचं कुलूप काढलं. ती बाहेर आली आणि थेट गोठ्यात गेली. पाठोपाठ तिची किंकाळी आली. रात्री कुणीतरी तिच्या गायीच्या मागच्या पायांच्या नसा कोयत्याने तोडल्या होत्या. पहारेकऱ्यांनी काही पाहिलं नव्हतं म्हणे. गाय उठू शकत नव्हती. तिला मारावं लागलं.

त्याच सकाळी ओन्कोबाचं वासरूही गेलं. मी तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. हे मी महिनाभर आधी करायला हवं होतं. त्यांनी दोन्ही जनावरं सगळ्यांसमोर उघडली. आजीच्या गायीची फुप्फुसं गुलाबी, स्वच्छ. वासराच्या फुप्फुसात पांढऱ्या दोऱ्यांसारखे जंत वळवळत होते, मूठभर.

"या जंतांची बारीक पिल्लं शेणातून बाहेर पडतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण गाय शेणाजवळचं गवत खात नाही. मग ती पिल्लं या बुरशीच्या केसांवर चढतात, काळ्या टोपीवर बसतात. बुरशी उजेडाकडे मान करते, कारण उजेड असतो तिथे मोकळी जागा असते. मग ती टोपी जोरात उडवते. माणसाच्या उंचीहूनही लांब. टोपी गवताला चिकटते, गाय ते गवत खाते. कुरणात चरणारी सगळी गुरं याने आजारी पडली."

"आणि आजीची?" ओन्कोबाने विचारलं.

"ती कुरणात गेलीच कुठे?"

औषध होतं. वेळेवर दिलं असतं तर स्वस्तात भागलं असतं. उरलेल्या गुरांपैकी बरीच वाचली.

न्यारिंदा आजीने चार दिवसांत बोचकं बांधलं. मुलीकडे, सरोवराकाठच्या शहरात. मी गाडी घेऊन गेलो तर दारात ओन्कोबा उभा होता. क्षमा मागायला आला होता. पण त्याने विचारलं, "आजी, एक कालवड उरलीय. तिला काय करू?"

आजीने कोपऱ्यातला कोयता उचलला. "बांधून ठेव," ती म्हणाली. "गवत उंचावरचं काप, शेणापासून लांबचं. कोयता घेऊन जा माझा. मला आता लागणार नाही."

तिने गाव पुन्हा पाहिलं नाही. मी तिला दोनदा भेटायला गेलो. बाहेर कुणी मिळून गाऊ लागलं की ती अजून दचकते.

मी काही शहाणा माणूस नाही, हे तुम्ही वाचलंतच. तरी सांगतो. जनावर खोकलं तर डॉक्टर बोलवा. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा, त्याने कुणी मरत नाही. आणि जमावाने कुणा म्हातारीकडे बोट दाखवलं, तर तुम्ही एकटे असलात तरी दारात आडवे उभे राहा आणि एक दिवस मागून घ्या. आम्ही एक दिवस थांबलो, म्हणून न्यारिंदा आजी जिवंत आहे. पहिली गाय मेली त्याच दिवशी डोकं चालवलं असतं, तर ती आज तिच्या घरात असती.