थेरेसाने परत दिलेला टोप

मित्रांनो, मोटारसायकलवाल्याचा समजून मला हसू नका. मी एक जुना, पोचा पडलेला, निळा टोप आहे, फौजेतल्या शिपायाचा. वसईच्या खाडीकाठच्या एका गावात धर्मा यांच्या पडवीत खुंटीला लटकतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी हिरवा होतो. नव्वदच्या दशकात हवालदार धर्मांच्या पलटणीला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आफ्रिकेला धाडलं, तेव्हा मला निळा रंग दिला. बाकीच्या टोपांना लपता यावं म्हणून रंग देतात, मला लांबून दिसावं म्हणून दिला. हा रंग पाहून कोणी गोळी झाडणार नाही, असं साहेब म्हणाले होते. मी अगदी फुशारून गेलो.

आमचा पहारा एका नदीवरच्या पुलावर होता. पलीकडे शेजारचा देश, अलीकडे एक लहानसं गाव. पुलाजवळ थेरेसा नावाची बाई उकडलेल्या शेंगा विकायची. "आमच्या गावी शेजारी पन एक थेरेसा हाय," असं धर्मा सोबत्यांना कौतुकाने सांगत. ही शेंगावाली थेरेसा मला उलटा धरून माझ्यात ओंजळभर शेंगा टाकायची आणि पैसे घ्यायला साफ नकार द्यायची. तिची लेक जुलियाना त्यातल्या निम्म्या स्वतःच खाऊन टाकायची.

मग नदीपलीकडे रणगाडे जमू लागले. थेरेसाने सरळ विचारलं, आम्ही जंगलात पळून जावं का? धर्मांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करत सांगितलं, थांबा, वर कळवलंय, मदत येईल. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या गावात उधाणाच्या भरतीला शेताचा बांध फुटला, की ज्याला दिसेल तो पत्र्याचा डबा बडवतो. मग कुणाचं शेत हे कोणी विचारत नाही. माणसं भरल्या ताटावरून उठतात आणि घमेलं, फावडं, हाताला लागेल ते घेऊन धावतात. धर्मांना वाटलं, जगाला हाक दिली की जगही असंच धावेल.

वायरलेसवर रोज हाक गेली. उत्तर यायचं, पाहत राहा, कळवत राहा, तुमच्यावर गोळी आली तरच गोळी चालवा. असं का, ते मला पुढे साहेबांच्या बोलण्यातून कळलं. दूर देशात एका मोठ्या टेबलाभोवती राष्ट्रं बसतात. त्यांतल्या पाच बड्यांपैकी एकाने जरी नाही म्हटलं, तरी बाकीच्यांचे हात बांधले जातात. चढाई करणाऱ्याचा दोस्त त्या पाचांतच होता. उरलेल्यांनाही आपली पोरं परक्या पुलावर मरायला पाठवायची नव्हती. संयुक्त राष्ट्रांना स्वतःचं सैन्य नसतं. जो देश जितकी माणसं उसनी देईल तितकी. आम्ही फार थोडे होतो.

एका सकाळी रणगाडे पूल ओलांडून आले. माझा रंग त्यांना लख्ख दिसला असणार. तोफगोळ्यांनी घरं ढासळू लागली, तेव्हा धर्मांनी मला काढून जुलियानाच्या डोक्यावर ठेवलं. मी तिच्या डोळ्यांपर्यंत आलो. तिचं कपाळ तापलेलं होतं. भिंतीचा एक दगड उडून माझ्यावर आदळला आणि हा पोचा पडला, पण पोरीला खरचटलंसुद्धा नाही. माझ्या हातून घडलेलं खरं काम तेवढंच.

दुपारी हुकूम आला, माघारी या. "निदान लेकरांना तरी घेऊ," म्हणून धर्मा भांडले. साहेबांचेही डोळे भरले होते, पण ट्रकमध्ये फक्त शिपायांनाच घेण्याची परवानगी होती. धर्मा बोडक्या डोक्याने ट्रकमध्ये चढले. तेवढ्यात थेरेसा धावत आली. तिने मुलीच्या डोक्यावरून मला काढलं आणि धर्मांच्या हातात दिलं.

"घेऊन जा," ती म्हणाली. "तुम्ही नसताना हा रंग पाहून ते हिलाच आधी मारतील."

त्या दोघींचं पुढे काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

मी निकामी ठरलो, तेव्हा धर्मांनी मला मागून घेतलं. गावाने त्यांचा सत्कार केला, ते मान खाली घालून बसले. पुढे त्यांनी गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात गेटवर नोकरी धरली. त्यांच्या पत्नी सत्यवतीबाई माझ्यात कांदे ठेवू लागल्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही, निदान काहीतरी सांभाळत होतो.

दोन हजार तीन साली टीव्हीवर पुन्हा एका देशावरची चढाई दिसली. त्याच वर्षी शाळेत संयुक्त राष्ट्र दिन साजरा होणार होता. धर्मांची लेक संजना हिने कांदे ओतून मला डोक्यावर चढवलं.

"बाबा, बघा ना, कशी दिसते?"

मी तिच्या डोळ्यांपर्यंत आलो होतो. "काढ तो. आधी काढ," धर्मा म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सगळं सांगितलं.

संजनाने मला काढून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "पन तुमी हाक दिलेली ना, बाबा?"

"दिलेली. डबा बडव बडव बडवला गो पोरी. कोन आलाच नाय."

तिने मला पुसून खुंटीला लावलं. शाळेत नेलं नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कोणी त्या टेबलाशीही बसेल. लांबून डबा वाजलेला ऐकू आला, तर शेत कुणाचं ते विचारत बसू नका. माझ्यात कांदे ठेवलेत तरी चालेल. पण एखाद्या पोरीच्या डोक्यावर मला ठेवलंत, तर मग तिला तिथे सोडून जाऊ नका.