श्वास रोखलेली माणसं

तुरटीचा खडा आता बदामाएवढा उरला होता. नऊ महिन्यांपूर्वी आणला तेव्हा साबणाच्या वडीएवढा होता, कडा हाताला टोचणाऱ्या, आत धुकं अडकल्यासारखं पांढुरकं काहीतरी — आणि आता हा एवढासा, गुळगुळीत, ओल्या बोटांतून सटकणारा. म्हणजे बाकीचा सगळा आपल्या काखेत गेला, असं तिच्या मनात आलं आणि न्हाणीघरात एकटी असूनही ती ओशाळली. खडा ओला करायचा, फिरवायचा, मग दोन्ही हात वर करून साठ मोजायचे, वाळेपर्यंत. पोलिसांनी पकडल्यासारखी ती आरशासमोर उभी होती. एकेचाळीस, बेचाळीस... बाहेरून नवऱ्यानं दार वाजवलं.

"अगं, आत राहायलाच गेलीस का?"

"आले."

"कालही आले म्हणालीस, ती आज येतेयस."

नवरा गमत्या आहे. वर्षातले अकरा महिने त्याला सर्दी असते आणि बारावा महिना आता कधी होते या काळजीत जातो. त्याला तिनं किती वेळा विचारलं होतं, खरं सांग, येतो का वास? तो खांद्याशी नाक आणून दोनदा सूं सूं करायचा आणि म्हणायचा, छे, मला तर काही येत नाही. तुला गॅस गळला तरी यायचा नाही, ती म्हणायची. यावर तो हसायचा, आणि ती हसत नसे. असल्या साक्षीदाराच्या भरवशावर कोण निर्दोष सुटलंय?

उपायांना तर तोटाच नव्हता. नणंद फोनवर सांगायची, वहिनी, हे करून बघाच. लिंबाची फोड चोळायची, दहा मिनिटांनी धुवायचं. किंवा खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावायचा. 'किंवा' असं नणंदेनं सांगितलं होतं. पण दोन्ही एकदम केलं तर गुण दुप्पट येईल हा हिशेब हिचा स्वतःचा, आणि मग कातडी अशी सोलवटली की तीन दिवस दोन्ही हात अंगापासून लांब धरून पैलवानासारखं चालावं लागलं. व्हिनेगरचं पाणी लावलं तेव्हा घामाचा वास गेला खरा, पण दिवसभर आपल्याला कोणीतरी बरणीत मुरायला घातलंय असं वाटत राहिलं. तळव्यांसाठी कोरा चहा — गडद, कोमट, वीस मिनिटं हात बुडवून बसायचं. तळवे तपकिरी झाले आणि दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं, काय गं, बुटांना पॉलिश करून आलीस की काय? कांदा-लसूण बंद केला, तर नवरा म्हणाला, नाक नाही मला, पण जीभ आहे. शेवटी डॉक्टरीणबाई. घाम थोडा जास्त आहे, त्या म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही, सुती कपडे घाला, ओले झाले की बदला, कातडीला लिंबू लावू नका. आणि मला तर वास आला नाही, असंही म्हणाल्या. पण त्या टेबलाच्या पलीकडे बसल्या होत्या. टेबल चांगलं दोन हात रुंद होतं.

तुरटीनं मात्र फरक पडला होता. हे ती मान्य करायची, स्वतःशी, घाईघाईत. ब्लाउज संध्याकाळी कोरडे निघायचे. पण ब्लाउजवर कोण विश्वास ठेवतो? पुरावा वेगळाच होता, आणि तो रोज समोर खुर्चीत येऊन बसायचा.

ती चष्म्याच्या दुकानात नंबर काढते. अकरा वर्षं झाली. दुकानाच्या बाजूची लांबट खोली, दार बंद, पडदा ओढलेला, एका टोकाला अक्षरांचा उजळलेला तक्ता आणि दुसऱ्या टोकाला खुर्ची. खुर्चीतल्या माणसाच्या नाकावर ती जड, गोल कड्यांची फ्रेम चढवायची आणि मग पेटीतली एकेक काच काढून कड्यात सरकवायची. हे बरं, की हे? आता? नीट बघा, घाई नाही. या कामात दोन्ही हात सतत वर. आणि खुर्ची अशा उंचीची की बसलेल्याचं नाक बरोबर... हे तिच्या पहिल्या दिवशीच लक्षात आलं होतं. पंखा लावता येत नाही, डोळे कोरडे होतात आणि माणूस चुकीचं सांगतो. मग ती काच सरकवायची, आणि समोरचा माणूस श्वास रोखायचा.

रोखायचाच. बाई असो, बुवा असो. तिचे हात वर गेले की समोरची छाती हलायची थांबायची, ओठ मिटायचे, आणि हात खाली आले की हळूच, चोरून, एक लांब उसासा. माणसं सभ्य असतात. कोणी नाकाला रुमाल लावला नाही, कोणी काही बोललं नाही. नुसतं श्वास रोखून बसायचे बिचारे, तिच्यासाठी, तिचं काम संपेपर्यंत. लहानपणी, शाळेत, चौदाव्या वर्षी, उन्हातून पळत येऊन ती बाकावर बसली तेव्हा शेजारच्या मैत्रिणीनं काही न बोलता आपलं दप्तर उचललं आणि दोघींच्या मध्ये ठेवलं होतं... दुसऱ्या दिवशीही ठेवलं. मागच्या बाकावरून कोणीतरी 'ओली छत्री' म्हणालं, आणि ते वर्षभर टिकलं. म्हणून श्वास रोखलेला माणूस तिला लांबून ओळखू येतो. त्यात तिचा हातखंडा आहे.

आणि तरीही हे काम तिला आवडायचं, हीच तर पंचाईत. शेवटची काच बसते आणि माणूस एकदम थांबतो, मग सर्वांत खालची ओळ वाचतो, ती कोणी विचारलेली नसतानाही, मोठ्यानं. त्या क्षणी त्याचा चेहरा जो होतो तो त्याच्या घरच्यांनीही पाहिलेला नसतो. तो मी पाहते. दिवसातून बारा-पंधरा वेळा. दुसऱ्या कुठल्या कामात हे मिळणार?

पण गेल्या वर्षभरात ती मागे सरकू लागली होती. अर्धं पाऊल. मग पाऊणएक. हात लांब करून काच घालायची, डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजायची पट्टीही हात ताणून लांबूनच गिऱ्हाइकाच्या कपाळाशी धरायची, प्रश्न भराभर विचारून माणसाला लवकर मोकळं करायचं. त्यांना त्रास नको. आणि या महिन्यात तीन चष्मे परत आले. एका गृहस्थांना पायऱ्या तिरक्या दिसत होत्या, एका मुलीचं डोकं दुखत होतं, आणि छापखान्यात मुद्रितं तपासणारे एक आजोबा नुसतं म्हणाले, बाई, तुमचा काही दोष नसेल, पण माझी अक्षरं दोन दोन होतात. मालकीणबाई काल जाता जाता म्हणाल्या होत्या, उद्या दुपारी दुकान बंद केल्यावर थांब, बोलायचंय.

बोलायचंय म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. चष्म्यांवरून सुरू होईल आणि मग बाई घसा खाकरतील... नको. ते शब्द कोणाच्या तोंडून ऐकायचे नाहीत. त्याआधी मीच सांगेन. मागच्या खोलीत काचा घासणारे काका महिनाअखेर काम सोडताहेत. मला तिकडे द्या. तिथं दगडाचं चाक फिरतं, त्यावर पाणी पडतं, समोर भिंत, सहा फुटांत माणूस नाही. मी स्वतःहून उठले तर मला कोणी उठवलं असं होणार नाही. सकाळभर ती हे वाक्य मनात घोळवत राहिली. सकाळी तिनं सहा जणांचे नंबर काढले, सहाही जणांनी श्वास रोखला, आणि दर वेळी तिला वाटलं, हा शेवटचा दिवस आहे, आता काय.

दुपारी मालकीणबाईंनी पुढचं दार ओढून घेतलं. बाई आता पासष्टीच्या, अंगानं भरलेल्या, गुडघ्यांनी दगा दिल्यापासून गल्ल्याजवळच बसणाऱ्या; पण हे दुकान त्यांनीच उभं केलं, आणि नंबर काढायला हिला शिकवलं तेही त्यांनीच.

"बाई, मला आधी काहीतरी—"

"थांब. मी आधी. तीन चष्मे परत आले."

"हो. तेच म्हणत होते, मी मागच्या खोलीत—"

"तुझे स्वतःचे डोळे कधी तपासलेस?"

ती गोंधळली. "बघते की मधूनमधून. पेटीतली काच घेऊन."

"घेऊन म्हणजे? उभ्या उभ्या? हातात धरून?"

सगळे तसंच करतात. दुकानातलं माणूस खुर्चीत बसत नाही. येता-जाता एखादी काच डोळ्यासमोर धरायची, तक्त्याकडे बघायचं, ठीक आहे म्हणायचं आणि गिऱ्हाइकाला हाक मारायची. तक्ता तिला तर पाठच होता. अकरा वर्षांत ती त्या खुर्चीत एकदाही बसली नव्हती, फक्त तिच्यावरची धूळ पुसली होती.

"चल. बस."

खुर्ची तिला वाटली त्यापेक्षा खोल होती. पाठीखाली गार. बाईंनी दार लावलं, पडदा ओढला, नाकावर फ्रेम चढवली — किती जड होती ती! — आणि पेटीवर वाकून, गुडघ्याला शिव्या घालत, पहिली काच काढली. मग त्यांचा चेहरा जवळ आला. फार जवळ, वरच्या ओठावरची लव, नाकाच्या बाजूची बारीक शीर, दोन्ही हात वर, बांगड्या मागे कोपरापर्यंत घसरलेल्या. खोलीत उकडत होतं आणि बाईंना घाम आला होता. त्याचा वास आला. साधा, दुपारचा, थोडा पावडरचा, थोडा आंबूस. आला, आणि तिथंच राहिला. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. बाईंचा वास, एवढंच.

"श्वास सोड."

"अं?"

"श्वास, श्वास. केव्हाची धरून बसलीयस. काच उडून जाणार नाही."

तिनं सोडला. छातीत दुखलं, इतका वेळ तो आत होता. आणि मग ती थांबली... म्हणजे मी? मी का रोखला होता? बाईंच्या वासानं नाही. तो तर श्वास सोडल्यावरही होताच, आणि चालत होता. मग?

"बाई, मी मुद्दाम नाही..."

"मुद्दाम कोण करतं? सगळेच धरतात. परका चेहरा एवढा जवळ आला की माणूस आपोआप गप्प होतं. त्यात काचेवर वाफ धरेल ही धास्ती. चाळीस वर्षांत या खुर्चीत बसून सरळ श्वास घेणारा एक माणूस मी पाहिला नाही. हे बरं, की हे?"

"दुसरं. बाई, तुम्ही कधी सांगितलं नाहीत हे."

"यात सांगायचं काय? पाणी ओलं असतं, हे सांगितलं होतं का तुला?"

दुसरी काच. तिसरी. ती बाईंच्या हातांकडे बघत होती आणि तिच्या आत एकामागून एक माणसं उभी राहत होती, अकरा वर्षांची माणसं, ओठ मिटलेली, छाती रोखलेली — तो पोस्टातला कारकून, ती पोटुशी बाई, ते खोकणारे मास्तर — आणि सगळी आता लांब उसासा टाकत होती, आणि त्यातल्या एकाचंही लक्ष तिच्याकडे नव्हतं. ती माणसं फक्त घाबरलेली होती. आपली नजर गेली की काय म्हणून, आपल्याकडून चुकीचं उत्तर जाईल म्हणून. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि बाई म्हणाल्या, पाणी पूस आधी, नंबर चुकेल.

मग बाईंनी मिलिमीटरची पट्टी तिच्या हातात दिली. "वाच त्यावरचं."

तिनं पट्टी हात लांब करून धरली.

"जवळ घे."

जवळ घेतल्यावर रेघा एकमेकींत मिसळल्या. बाईंनी फ्रेममध्ये एक काच टाकली, आणि रेघा ठसठशीत उभ्या राहिल्या, एकेक, वेगळी.

"चाळिशी लागलीय तुला. वर्ष तरी झालं असेल. म्हणून मागे सरकून मापं घेतेस आणि चुकतेस. कोणाला वाटेल, गिऱ्हाइकाला भितेस."

म्हणजे ते अर्धं पाऊल... ती त्यांच्यासाठी मागे जात होती, की तिला जवळचं दिसत नव्हतं म्हणून? की आधी एक आणि मग दुसरं? तिनं मागे जाऊन आठवून पाहिलं आणि तिला नक्की सांगता येईना. आणि ते दप्तर? ते तरी... कोणाला विचारणार आता. आपल्या अंगाला वास येतो की नाही, हेही तिला अजून कळलेलं नव्हतंच. फक्त त्या प्रश्नाचं वजन कुठेतरी उतरलं होतं, खांद्यावरची पिशवी न सांगता कोणीतरी घ्यावी तसं. हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटण्याची सवय नसल्यानं थोडं गरगरतही होतं.

"तू काय सांगणार होतीस? मागच्या खोलीचं काहीतरी."

"ते... राहू दे आज."

"उद्या विचारीन मग," बाई म्हणाल्या. "काकांच्या जागी कोणीतरी बघायचंच आहे."

चार वाजता मुद्रितं तपासणारे आजोबा परत माप द्यायला आले. ती बाईंचा जवळचं वाचायचा चष्मा तात्पुरता नाकावर लावून उभी राहिली आणि त्यांच्याजवळ गेली, गुडघे खुर्चीला टेकेपर्यंत. हात वर केले. आजोबांनी श्वास रोखला. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. पापणी थरथरत होती, हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरलेले.

"आजोबा, श्वास घ्या. घाई नाही."

"चुकणार नाही ना हो या वेळी?" ते म्हणाले. "अक्षरं गेली की माझं काय राहिलं."

"मीही थांबते. चुकलं तर पुन्हा बघू."

त्यांनी श्वास सोडला, कोमट, औषधाच्या गोळीचा वास असलेला, सरळ तिच्या मनगटावर. मग घेतला. मग पुन्हा. बंद खोलीत चांगलंच उकडत होतं, दोघांनाही घाम फुटला होता, आणि ती दोघं नुसती श्वास घेत, एकेक रेघ मोजत, कितीतरी वेळ तशीच होती.